नाण्याची घाई, शेंगदाण्याची ढिलाई

लहान मुलाने नाणं गिळलं की घरात काय होतं, हे तुम्ही पाहिलं असेल. आई रडते, आजी देव पाण्यात घालते, शेजारी धावत येतात, कुणीतरी मुलाला उलटं धरून पाठीत थापट्या मारतं, आणि दहा मिनिटांत सगळं घर दवाखान्याच्या दारात उभं राहतं. तेच मूल शेंगदाणे खाताना ठसकलं, दोन मिनिटं जोरात खोकलं आणि शांत झालं, तर? "लागला ठसका, पाणी पाज," एवढं म्हणून सगळे आपापल्या कामाला लागतात.

यातला दुसरा प्रसंग बऱ्याचदा पहिल्यापेक्षा जास्त धोकादायक असतो. शरीरात शिरलेल्या वस्तूंच्या बाबतीत आपण घाई करतो ती चुकीच्या जागी आणि वेळ दवडतो तोही चुकीच्याच जागी, हे माझं स्पष्ट मत आहे. नाणं दिसायला मोठं, म्हणून त्याची भीती वाटते. शेंगदाणा रोजच्या खाण्यातला, म्हणून त्याची वाटत नाही. चपटा बटन सेल तर नाण्यासारखाच दिसतो, म्हणून त्याला नाण्याइतकंच महत्त्व दिलं जातं. शरीराचा हिशोब मात्र वेगळा आहे. तो समजून घेतला, तर निम्मी घबराट कमी होईल आणि जिथे खरंच धावायला हवं तिथे आपण वेळेत पोचू.

तीन प्रश्न

एखादी वस्तू शरीरात गेली की आम्ही डॉक्टर तीन गोष्टी विचारतो. कुठे गेली? काय गेलं? किती वेळ झाला?

"कुठे" हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. घशाच्या मागे दोन रस्ते आहेत. एक अन्ननलिकेचा, जो पोटात जातो, आणि दुसरा श्वासनलिकेचा, जो फुफ्फुसांत जातो. पोटाच्या रस्त्याला पुढे बाहेर पडण्याची वाट आहे, फुफ्फुसाच्या रस्त्याला ती नाही. गिळलेल्या वस्तूंपैकी साधारण ८० ते ९० टक्के वस्तू काहीही न करता शौचावाटे निघून जातात. १० ते २० टक्के वेळा दुर्बिणीने काढाव्या लागतात, आणि ऑपरेशनची वेळ शंभरात एखाद्यावर येते. म्हणजे गिळलेल्या बहुतेक वस्तूंच्या बाबतीत आमचं काम "काढणं" नसून "लक्ष ठेवणं" हे असतं.

पालकांना हे पटवणं सोपं नसतं. "डॉक्टर, काहीतरी द्या ना, जुलाबाचं औषध तरी द्या," असा आग्रह होतो. जुलाबाच्या औषधाने नाणं लवकर येत नाही, मुलाचं पोट मात्र बिघडतं. नाणं पोटात उतरलं असेल, मूल हसतंखेळतं असेल, जेवत असेल, तर नेहमीचं जेवण द्यायचं आणि शौचावर लक्ष ठेवायचं. काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. पोट दुखणं, सारख्या उलट्या, ताप, शौचातून रक्त यांपैकी काही दिसलं तर मात्र लगेच परत यायचं.

नाणं अन्ननलिकेतच अडकलं असेल तर गोष्ट वेगळी. मूल लाळ गाळतं, गिळताना रडतं, खायला नकार देतं. लक्षणं नसली तरी असं नाणं २४ तासांच्या आत काढायला हवं. बऱ्याच मुलांत ते काही तासांत आपोआप खाली सरकतं, म्हणून काढण्याआधी आम्ही पुन्हा एक्स-रे काढतो. नाणं गिळल्यावर एक्स-रे काढायचा, तो नाणं नेमकं कुठे आहे हे पाहण्यासाठी. आणि दुसरं, त्याहून महत्त्वाचं कारण म्हणजे ते खरोखर नाणंच आहे का, हे पाहण्यासाठी.

नाण्यासारखा दिसणारा, पण नाणं नसलेला

घरातला एखादा छोटा रिमोट, डिजिटल वजनकाटा किंवा गाडीची किल्ली उघडून बघा. आत चपटा, गोल, चकाकता सेल असेल. त्यावर बहुतेक "सीआर २०३२" असं लिहिलेलं असतं. यातल्या २० चा अर्थ व्यास २० मिलिमीटर आणि ३२ चा अर्थ जाडी ३.२ मिलिमीटर. आपल्या एक रुपयाच्या नव्या नाण्याचा व्यासही जवळपास तेवढाच आहे. दोन वर्षांच्या मुलाला या दोहोंत काही फरक दिसत नाही. घाईत पाहिलं तर मोठ्या माणसालाही दिसत नाही.

फरक आत गेल्यावर कळतो. लहान मुलाच्या अन्ननलिकेत हा सेल अडकला की त्याच्या दोन्ही बाजू ओल्या भिंतींना टेकतात आणि वीज वाहायला लागते. त्या विजेमुळे सेलच्या ऋण टोकाशी तीव्र क्षार तयार होतो. गटार मोकळं करण्याच्या पावडरीत असतो, त्या जातीचा. तो भिंत जाळत जातो. गंभीर इजा व्हायला दोन तास पुरतात. सेल फुटला पाहिजे किंवा गळला पाहिजे असं काही नाही, सेल अखंड असतानाच हे सगळं घडतं. "आता चालत नाही" म्हणून काढून ठेवलेला जुना सेलही निरुपद्रवी नसतो. वजनकाट्याला पुरत नाही एवढी वीज अन्ननलिका जाळायला पुरते.

आणखी वाईट म्हणजे सेल काढल्यावरही जळण्याचा परिणाम थांबत नाही. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये भोक पडणं, नंतर नळी आकसणं, आणि काही दुर्दैवी मुलांत शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत जखम पोचून दिवसांनी किंवा आठवड्यांनी अचानक रक्तस्राव होणं, हे सगळं होऊ शकतं. म्हणून सेल निघाला तरी आम्ही "झालं, घरी जा" असं म्हणत नाही.

एक्स-रेमध्ये सेलला बहुधा दुहेरी कडा दिसते, वर्तुळात वर्तुळ असल्यासारखी. नाणं एकसंध दिसतं. एक्स-रे पाहणाऱ्याने हा फरक मुद्दाम शोधला पाहिजे. पालक म्हणून तुमचं काम सोपं आहे. मुलाने "चकाकतं गोल काहीतरी" गिळलं आणि ते नाणंच होतं हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसेल, तर तो सेल आहे असं समजून निघा. सकाळपर्यंत थांबू नका. मूल व्यवस्थित दिसतंय म्हणूनही थांबू नका, कारण सुरुवातीला काहीच लक्षण नसू शकतं. नाकात किंवा कानात घातलेला सेलही तितकाच घाईचा. नाकातला पडदा काही तासांत जळून त्याला भोक पडू शकतं.

इथे घरात करण्यासारखी एक गोष्ट आहे. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, सेल गिळून १२ तासांपेक्षा कमी वेळ झाला असेल आणि मुलाला गिळता येत असेल, तर दर १० मिनिटांनी दोन चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मध सेलवर लेप धरतो, क्षाराची तीव्रता कमी करतो आणि इजेचा वेग मंदावतो. पण मध हा उपचार नाही. सेल काढेपर्यंत थोडा वेळ मिळवण्याचा तो उपाय आहे. मध शोधायला शेजारी जाऊ नका, तो घेण्यासाठी गाडी थांबवू नका, घरात असेल तर बरणी उचला आणि निघा. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही. बाकी काही खायला-प्यायला देऊ नका आणि उलटी काढायचा प्रयत्न करू नका.

सेलच्या शेजारी आणखी एक वस्तू ठेवतो, ती म्हणजे छोटी, शक्तिशाली लोहचुंबकं. एक चुंबक बहुधा निघून जातं. दोन किंवा जास्त गिळली, तर ती आतड्याच्या वेगवेगळ्या वळणांतून एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिमटली जाते आणि आतड्याला भोक पडतं. तिथेही "निघून जाईल" म्हणून घरी बसायचं नसतं.

शेंगदाणा फसवतो

आता त्या ठसक्याकडे येऊ. शेंगदाणा, हरभरा, फुटाणा, चिंचोका, सीताफळाची किंवा चिकूची बी, यांतलं काही श्वासनलिकेत गेलं की मूल जोरात खोकतं. वस्तू श्वासनलिका पूर्ण अडवण्याइतकी मोठी नसेल, तर ती पुढे सरकून एखाद्या फाट्यात जाऊन बसते. बऱ्याचदा उजव्या बाजूच्या, कारण तो फाटा थोडा रुंद आणि जास्त सरळ असतो. वस्तू तिथे बसली की खोकला थांबतो. घरच्यांना वाटतं, गेलं पोटात. खरं म्हणजे ती फुफ्फुसात स्थिरावलेली असते.

मग काही दिवसांनी खोकला, घरघर, ताप. औषध दिलं की थोडं बरं, थांबवलं की पुन्हा सुरू. कुणी दमा म्हणतं, कुणी न्यूमोनिया. आठवडे जातात. शेंगदाणा तोवर ओलाव्याने फुगतो, मऊ होतो, त्यातल्या तेलाने भोवतालची त्वचा सुजते. असा जुना शेंगदाणा काढायला गेलं तर चिमट्यात तुटतो, सूज आलेल्या जागी रक्त येतं. पहिल्या दिवशी जे काम तुलनेने सोपं असतं, ते तीन आठवड्यांनी कठीण होऊन बसतं.

शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. दिसले तर त्याचे परिणाम दिसतात, एक फुफ्फुस जास्त फुगलेलं किंवा त्याचा एखादा भाग बसलेला, आणि तेही नेहमी नाही. म्हणजे "एक्स-रे नॉर्मल आहे" याचा अर्थ "आत काही नाही" असा होत नाही. इथे सगळ्यात मोठा पुरावा तुमच्याकडे असतो. खाताना किंवा खेळताना मूल अचानक ठसकलं होतं, चेहरा लालनिळा झाला होता, हे तुम्ही सांगितलं तरच डॉक्टरांना संशय येतो. ते तीन आठवड्यांपूर्वी झालं असेल तरी सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. आणि संशय पक्का असेल तर भूल देऊन दुर्बीण घालायला नकार देऊ नका. "एक्स-रेत काहीच नाही, मग भूल कशाला?" हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण दुर्बीण घालून काही न सापडणं हे शेंगदाणा आत राहू देण्यापेक्षा कितीतरी परवडतं.

या दुर्बिणीला सव्वाशेहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. १८९७ मध्ये जर्मनीत गुस्टाव किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वासनलिकेतून डुकराच्या हाडाचा तुकडा नळीतून बघत काढला. त्याआधी असा तुकडा अडकला की हातात फारसे मार्ग नव्हते. आज आपल्याकडे साधन आहे, भूल आहे, डॉक्टर आहेत. तरी मुलं उशिरा येतात, कारण ठसक्याला आपण आजारच मानत नाही.

आता एक अप्रिय गोष्ट सांगतो. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, हरभरे, सुकामेवा देऊ नये. दाढा आल्या म्हणजे नीट दळून खाता येतं असं नाही, आणि या वयात मूल खाताना हसतं, पळतं, रडतं. शेंगदाणा पौष्टिक आहे, तो बंद करा असं मी म्हणत नाही. आपल्या स्वयंपाकघरात त्याचं उत्तर पूर्वीपासून आहेच, शेंगदाण्याचं बारीक कूट. साबुदाण्याच्या खिचडीत, कोशिंबिरीत, मऊ लाडवात कूट घाला. अख्खा दाणा मात्र थोडा थांबू दे.

आणि संक्रांतीनंतरचं बोरन्हाण. लहान मुलाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा, शेंगा, उसाचे करवे, गोळ्या-चॉकलेटं ओतायची आणि भोवतालच्या मुलांनी ती लुटायची. सुंदर रीत आहे, मला मनापासून आवडते. पण विचार करा. वर्ष-दीड वर्षाचं बाळ पाटावर, भोवती पाच-सहा चिमुरडी, जमिनीवर श्वासनलिकेत बसतील अशा मापाच्या वस्तूंचा सडा, आरडाओरडा, पळापळ, आणि सगळे मोठे लोक मोबाइलवर फोटो काढण्यात गुंग. रीत मोडायची गरज नाही. फुलांच्या पाकळ्या घ्या, मोठी बिस्किटं घ्या, छोटी मऊ खेळणी घ्या. बोरं आणि हलवा मोठ्यांच्या ताटात ठेवा. एकाने फोटो काढावा आणि एकाने फक्त मुलांच्या तोंडाकडे बघावं.

मदत करणारे हात

वस्तू अडकली की पहिला उपाय हातांनी सुचतो, आणि तो बऱ्याचदा नेमका नको तो असतो. मुलाच्या घशात न बघता बोट घातलं, तर वस्तू बाहेर येण्याऐवजी आत ढकलली जाते. वस्तू समोर स्पष्ट दिसत असेल तरच ती अलगद काढावी. मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्या. खोकल्याइतका चांगला उपाय आपल्या हातात नाही. आवाज निघत नसेल, खोकता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर मात्र एक सेकंद थांबायचं नाही. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली असं घेऊन तळहाताच्या टाचेने दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीवर ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब. वर्षापेक्षा मोठ्या मुलाला आणि मोठ्या माणसाला पुढे वाकवून पाठीत ५ थापा, मग मागून मिठी मारल्यासारखं धरून बेंबीच्या वर आत-वर असे ५ झटके. वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून. दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन लावायला सांगा. मूल बेशुद्ध पडलं तर छातीवर दाब देण्याची जीवनरक्षक क्रिया सुरू करा. हे वाचून येत नाही, हाताने शिकावं लागतं. आपल्या सोसायटीत, शाळेत, अंगणवाडीत एक तासाचं प्रशिक्षण मागा.

माशाचा काटा अडकला की भाताचा गोळा किंवा केळं न चावता गिळायला सांगतात. कधीकधी काटा सुटतोही, म्हणून ही समजूत टिकली आहे. पण टोकदार काटा त्या गोळ्याने आणखी खोल रुतू शकतो. बरेच काटे टॉन्सिलच्या आसपास असतात आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर ते दोन मिनिटांत काढतात. कवळी लावणाऱ्या आजी-आजोबांनीही हे लक्षात घ्यावं. कवळीने टाळू झाकला जातो, घासात हाड आहे की नाही ते कळत नाही. त्यांच्या ताटातलं मटण आणि मासे कुणीतरी आधी निवडून द्यावेत.

कानात किडा गेला तर तो जिवंत असतो तेव्हाच जास्त त्रास होतो. कानाला आधीचं भोक किंवा स्राव नसेल तर कोमट केलेल्या खोबरेल तेलाचे थेंब टाकून तो मारता येतो, काढायचं काम डॉक्टरांचं. पण कानात वाटाणा किंवा हरभरा असेल तर पाणी अजिबात घालू नका, तो फुगून घट्ट बसेल. हेअरपिन, काडी, सेफ्टी पिन यांनी कान कोरू नका. आमच्याकडे येणाऱ्या कानांत मूळ वस्तूपेक्षा ती काढण्याच्या प्रयत्नांची इजाच बऱ्याचदा जास्त असते. आणि मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर ती सर्दी नव्हे. आत काहीतरी आहे असंच धरून चालायचं.

चाकू, सळई, काच अंगात रुतली असेल तर ती ओढू नका. कधीकधी तीच वस्तू आतली रक्तवाहिनी दाबून धरत असते. भोवती कपड्याचा आधार द्या, वस्तू हलू देऊ नका आणि तशीच घेऊन या.

वस्तू काढण्याचा हट्ट किती महागात पडतो, याचं एक जुनं उदाहरण आहे. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना गोळी लागली. त्या काळच्या नामवंत डॉक्टरांनी ती गोळी शोधण्यासाठी न धुतलेली बोटं आणि हत्यारं पुन्हा पुन्हा जखमेत घातली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल धातू शोधणारं यंत्र घेऊन आले, तरी गोळी सापडली नाही. जखमेत पू झाला, विष अंगभर पसरलं आणि १९ सप्टेंबरला अध्यक्ष गेले. शवविच्छेदनात गोळी सापडली ती अशा जागी, जिथे ती कोणत्याही महत्त्वाच्या अवयवाला न दुखावता बसली होती. आजही अंगात राहिलेल्या अनेक गोळ्या आणि छर्रे आम्ही मुद्दाम तसेच ठेवतो. वस्तू काढणं हे ध्येय नसतं, माणूस वाचवणं हे असतं.

लक्ष ठेवा, एवढं म्हणून भागत नाही

हे सगळं सांगितलं की एक वाक्य हमखास येतं. "आईचं लक्ष कुठे होतं?" हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. ते अन्यायाचं आहे हे तर झालंच, पण त्याने थेट नुकसान होतं. बोलणी खाण्याच्या भीतीने सून गप्प बसते, मोठा भाऊ "मीच त्याला सेल दिला होता" हे लपवतो, सांभाळणाऱ्या मावशी "काही खाल्लं नाही" म्हणतात. आणि दोन तासांतला एक तास या लपवालपवीत जातो. तुमच्या घरात एक नियम करा. काहीही गिळलं, कुणीही सांगितलं, त्या क्षणी रागावायचं नाही. चौकशी नंतर, दवाखाना आधी.

दुसरं, कोणतीही आई चोवीस तास मुलाच्या हाताकडे बघू शकत नाही. म्हणून वस्तूच सुरक्षित हवी. फिलाडेल्फियातले डॉ. शेव्हालिए जॅक्सन यांचं उदाहरण इथे आठवतं. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या घशातून आणि फुफ्फुसातून वस्तू काढल्या. त्यातल्या २,३७४ वस्तू तिथल्या म्यूटर म्युझियममध्ये जपून ठेवल्या आहेत. नाणी, बटणं, सेफ्टी पिना, शेंगदाणे. पण माझ्या मते त्यांचं मोठं काम दवाखान्याबाहेरचं आहे. त्या काळी घराघरात साफसफाईसाठी तीव्र क्षार असे, डब्यावर ना इशारा ना खूण. मुलं तो पीत आणि त्यांची अन्ननलिका जळून आकसे. जॅक्सन वर्षानुवर्षं त्यासाठी भांडत राहिले आणि १९२७ मध्ये अमेरिकेत अशा डब्यांवर विषाचा इशारा छापणं कायद्याने सक्तीचं झालं. बटन सेल अन्ननलिकेत तोच क्षार तयार करतो. शंभर वर्षांनी तोच शत्रू वेगळ्या वेष्टनात आपल्या घरात आला आहे.

ऑस्ट्रेलियात जून २०२२ पासून बटन सेलच्या वस्तूंसाठी सक्तीचे नियम लागू आहेत. अमेरिकेत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तसा कायदा झाला, एका दीड वर्षाच्या मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने केलेल्या पाठपुराव्यामुळे. सेलचा कप्पा मुलाला उघडता येऊ नये, सेलचं पाकीट मुलाला फाडता येऊ नये आणि त्यावर ठळक इशारा असावा, एवढीच त्यामागची मागणी. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला, हे चांगलं पाऊल आहे. पण रिमोट, वजनकाटा, गाडीची किल्ली, वाजणारं शुभेच्छापत्र आणि दिवाळीत ताटभर मांडले जाणारे चिमुकले एलईडी दिवे, ही खेळणी नाहीत. मुलाच्या हातात मात्र हीच येतात. कप्पा स्क्रूने बंद होईल असा करायला कारखान्याला फार खर्च येत नाही. आपल्याकडेही बटन सेल असलेल्या प्रत्येक वस्तूला हा नियम लागू व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात काही आहे. दुकानात वस्तू घेताना मागचं झाकण नखाने उघडतं का ते बघा. उघडत असेल तर घेऊ नका, आणि दुकानदाराला कारण सांगा. घरात असलेल्या वस्तूंच्या झाकणावर चांगली चिकटपट्टी लावा. जुना सेल बदलला की दोन्ही बाजूंना चिकटपट्टी गुंडाळून, मुलाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवून मग त्याची विल्हेवाट लावा. टीव्हीजवळच्या वाटीत तो टाकायचा नाही.

आज रात्री करायच्या तीन गोष्टी

पहिली, घरातून एक चक्कर मारा आणि बटन सेल असलेल्या वस्तू मोजा. आकडा तुमच्या अंदाजापेक्षा जास्त निघेल.

दुसरी, तुमच्यापासून सगळ्यात जवळ लहान मुलांना भूल देऊन दुर्बिणीने वस्तू काढण्याची सोय कुठे आहे, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. तालुक्याच्या गावी एक्स-रे मिळतो, ही सोय बऱ्याचदा नसते. दोन तासांच्या शर्यतीत पाऊण तास चुकीच्या दवाखान्यात जाऊ नये. निघताना तिकडे फोन करा, म्हणजे ते तयारीत राहतील. तसाच दुसरा सेल किंवा त्याचं पाकीट मिळालं तर सोबत घ्या.

तिसरी, हे वाक्य घरातल्या सगळ्यांना सांगा, आजोबांपासून मुलाला सांभाळणाऱ्या मावशींपर्यंत. नाणं पोटात असेल तर धीर धरा. ठसका लागून खोकला राहिला तर डॉक्टरांना तो ठसका सांगा. आणि सेलचा नुसता संशय असला तरी चपला पायात घाला आणि निघा.